नक्षीचं कडं

घर दाखवायच्या आधी त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. "तुमचा कचरा किती निघतो?"

आम्ही बदलीवर चंदीगडला नुकतेच आलो होतो. आमचे हे बँकेत, मी फिजिक्स शिकवणारी. चौतीस सेक्टरमधल्या एका कोचिंग क्लासात माझी नोकरी ठरली होती आणि घर काही ठरत नव्हतं. तोवर भेटलेल्या घरमालकांनी मटण-मासे खाता का, पाहुणे किती येतात, पुढची बदली कधी, सगळं विचारून झालं होतं. कचरा कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "असेल की रोजची बादलीभर."

"ओला किती, सुका किती?"

"ते काय मी मोजत बसते का, काका?"

"मग मोजा," ते म्हणाले. "ज्याला आपला कचरा ठाऊक नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही."

झालं कल्याण, मी मनात म्हटलं. पण कोठी, म्हणजे तिकडचा बंगला, छान होती, मागे अंगण होतं, आणि परमुलखात मराठी बोलणारा घरमालक कुठं मिळतो? वरचा मजला घेतला. आज आम्ही परत साताऱ्यात आहोत, तरी दुधाची रिकामी पिशवी धुवून वाळत घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. सासूबाई म्हणतात, चंदीगडहून हे काय खूळ घेऊन आलीस!

काका सडसडीत, पांढऱ्या भुवयांचे. कडाक्याच्या थंडीतसुद्धा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मनगटात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. सगळी नोकरी समुद्राकाठच्या एका अणुवीज प्रकल्पात झालेली. वीज बनवायच्या विभागात नव्हे, वीज बनवून झाल्यावर जे उरतं त्या विभागात. "दिव्याचं कौतुक सगळ्यांना," म्हणायचे, "राखेला कोण विचारतो? आणि आमची राख अशी, की पणतवंडं म्हातारी झाली तरी तिच्यावर पहारा ठेवायचा." तिथं ते बाहेर पडायच्या दारात मीटर घेऊन उभे असायचे. आत गेलेल्या माणसाचे हात, पाय, पेन, चष्मा, सगळं तपासायचं, आणि मीटर जास्त वाजला तर ती वस्तू ठेवून घ्यायची. एकदा म्हणे साहेबांचं परदेशी घड्याळ ठेवून घेतलं. साहेब पाया पडायचेच बाकी होते. हे हलले नाहीत.

निवृत्त झाले, पण ते दार काही त्यांच्यातून गेलं नाही. घराच्या पुढच्या उंबऱ्यातच त्यांनी सिमेंटचा बुटका कट्टा आडवा बांधून घेतला होता. बाहेरून यायचं, कट्ट्यावर बसायचं, चपला बाहेरच्या अंगाला सोडायच्या, पाय उचलून आत फिरवायचे आणि आतल्या सपाता घालायच्या. प्रकल्पात अशीच रीत असते म्हणे. एक बाजू मळलेली, एक बाजू चोख, मधे कट्टा. जाडजूड पाहुणे त्या कट्ट्यावर पाय फिरवताना बघवायचं नाही. काकूंचा भाऊ मोहालीला राहायचा, त्याला सगळे मामाजी म्हणत. तो फाटकातूनच ओरडायचा, "लो जी, आ गया वाघा बॉर्डर! पासपोर्ट दिखाऊँ?"

काकू पंजाबी. कोठी त्यांच्या वडिलांची. निम्मं आयुष्य प्रकल्पाच्या कॉलनीत गेल्यामुळे मराठी फाडफाड बोलायच्या, फक्त फोडणी पंजाबी. मी पहिल्या दिवशी आंटी म्हटलं तर रागावल्या. "आंटी नको म्हणू. तिकडे सगळे मला काकू म्हणायचे, इथे आले आणि आंटी झाले! काकू म्हण."

त्याच दिवशी पहिला चहा झाला आणि पहिल्याच चहाला मला कड्याची गोष्ट कळली.

"ह्यांच्या कायद्यांवर जाऊ नको हां," काकू कपात चहा ओतता ओतता म्हणाल्या. "माझ्या पापाजींनी लग्नात ह्यांना सोन्याचं कडं घातलं होतं. आमच्यात जावयाला घालतात. एवढं जाड, वर फुलं, वेल. आणि ह्यांनी ते कचऱ्यात टाकलं म्हणे! कोणी सोनं कचऱ्यात टाकतं का गं?"

"टाकलं नाही," आतून काकांचा आवाज आला. "पुरलं."

"ऐक! पुरलं!"

त्या हसल्या, पण काका हसले नाहीत. माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. सोनं पुरणारा नवरा मी तरी बघितला नव्हता. मामाजींचं मत तर त्यांनी चार माणसांत कधी लपवलं नाही. जीजाजींनी कडं विकलं, पैसा कुठं गेला देव जाणे, आणि वर अणुशक्तीचं नाव पुढे केलं.

काकांचा स्वतःचा संशय मात्र सगळ्या जगावर. भाजीवाल्याच्या काट्यावर आधी स्वतःच्या खिशातलं वजन ठेवून बघायचे, मग बटाटे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची तेव्हा हे हजर. आमच्या दोन्ही बादल्यांत डोकावून बघायचे. माझ्या लेकीला मराठी समजायचं पण उत्तर हिंदीत. ती धावत वर यायची, "मम्मा, अंकलने फिर हमारा डिब्बा चेक किया!" एकदा तर ते स्कूटरवरून गाडीच्या मागे मागे पार डड्डूमाजऱ्याच्या कचरा डोंगरापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर मी विचारलं, "काय काका, वेगळा केलेला कचरा वेगळाच राहिला का?"

"राहिला."

"मग झालं तर!"

"आज मी मागे होतो म्हणून राहिला."

अशा माणसापुढे काय बोलणार? त्यांचे तीन नियम होते आणि ते भांडणालासुद्धा लावायचे. थोड्या दिवसांत आपोआप विझणारं असेल तर नुसतं ठेवून द्या. फारच सौम्य असेल तर पातळ करून सोडून द्या. आणि जहाल असेल तर आटवा, घट्ट करा, कोंडा आणि पहारा ठेवा. आमचं नवराबायकोचं कधी वाजलं तर जिन्यातून आवाज यायचा, "ताई, हे ठेवून द्यायचं आहे हो, उद्यापर्यंत विझेल!" मला असा राग यायचा! पण विझायचं खरं.

आता त्या खोलीबद्दल सांगते. जिन्याखाली एक खोली होती, कायम कुलूपबंद. बाहेरून भिंत नव्यानं जाड केलेली. शेजारच्या कोठीतली बाई मला एकदा हळूच म्हणाली, "जी, संभल के रहना. एटमवाले अंकल कुछ ले आए हैं उधर से. हमने सुना है." मी हसण्यावारी नेलं. पण माझी पोर त्याच भिंतीला टेकून खेळायची. संशय एकदा आत शिरला की त्याला कुठला कट्टा अडवतो? शिवाय मला वाटायचं, खाई त्याला खवखवे. जो माणूस दुसऱ्याच्या बादल्या उघडून बघतो, तो स्वतःचं दार बंद का ठेवतो?

माझी एक मैत्रीण तीस सेक्टरात होती, उपकरणांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं हौसेनं घरी एक किरणोत्सर्ग मोजायचा मीटर जुळवला होता. तो मी मागून आणला. काका-काकू बाजारात गेलेले बघून दुपारी जिन्याखाली गेले, दाराला मीटर लावला, आणि तो टिक टिक करायला लागला!

"आधी फाटकाबाहेर मोजलंत का?"

मागे काका उभे. हातात पिशवी, पिशवीत मुळे. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. काहीतरी पुटपुटले.

"फिजिक्स शिकवता ना? टिकटिक सगळीकडेच असते, ताई. मातीत असते, विटेत असते. जिथं काही नाही तिथं आधी मोजायचं, मग जिथं संशय आहे तिथं. चला."

मला घेऊन ते रस्त्यावर गेले. तिथंही तेवढीच टिकटिक. मग परत येऊन त्यांनी स्वतः कुलूप उघडलं. आत फुटक्या ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या, पाऱ्याचे मोडके थर्मामीटर, मुदत गेलेली औषधं, रंगाचे डबे. सगळं फळ्यांवर, झाकणं घट्ट, एकाला दुसरं लागू नये असं, आणि ओल येऊ नये म्हणून भिंत जाड. कुणाला द्यावं असा विश्वासाचा माणूस न मिळाल्यामुळे साठलेलं.

"मीटर सावकाश फिरवा," ते म्हणाले. "घाई केली तर तो खोटं बोलतो."

मी आपली माफी मागायला लागले, तर म्हातारा खूश! कधी नव्हे ते दात दिसले. "अहो, इतकी वर्षं लोक नुसते कुजबुजतात. मोजायला आलेल्या तुम्ही पहिल्या." आणि त्या खुशीतच, त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून, त्यांनी मला कड्याची गोष्ट सांगितली.

कामावर आत जाताना ते कडं रोज काढून कपाटात ठेवायचे. एके दिवशी मनगट जरा सुजलेलं, कडं निघेना. दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. स्वतःला म्हणाले, असू दे, बाहीखाली आहे, वर हातमोजा आहे. आत एका पिंपाचं झाकण नीट बसवताना हातमोज्याची पट्टी सरकली आणि मनगट पिंपाच्या काठाला घासलं. बाहेर येताना मीटर ओरडला. हात धुतला, कातडी स्वच्छ झाली. साबण लावून कसंबसं कडं काढलं, घासलं, पुन्हा घासलं, ब्रशानं खरवडलं.

"सोनं धुतलं की निघायला हवं होतं," मी म्हटलं.

"साधं असतं तर निघालं असतं. नक्षी होती ना! फुलापानांच्या खाचांत जाऊन बसलं. मीटर मर्यादेच्या जरासा वर. जरासाच. दारात तपासणारा मीच, तपासला जाणाराही मीच. खिशात घालून आलो असतो तर कुणाला कळलं असतं?"

"मग?"

"मग साहेबांच्या घड्याळाचं काय?" ते म्हणाले. "टाकलं पिंपात. वर सिमेंट ओतलं. पिंप गेलं काँक्रीटच्या खंदकात. साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी हसत हसत मेमो दिला. तो मेमो घरी आणून दाखवला, तर मेहुणा म्हणतो, मेमो तर टाइपरायटरवर कोणीही ठोकतो!"

बाजूच्या एका डब्याचं झाकण आणखी आवळलं. मग म्हणाले, "त्या दिवशी स्वतःला सोडलं, ताई. तेव्हापासून मी कुणालाच सोडत नाही. मेहुण्याचं मला काही नाही. तिला पटायला हवं हो. मरायच्या आधी तिनं एकदा म्हणावं, की हो, पुरलंत."

एवढीच त्यांची मागणी होती, आणि काकू काही ती पुरी करत नव्हत्या. संध्याकाळच्या चहाला अंगणात कडं निघायचंच. एरवी काका दिवसभरात दहा शब्द बोलले तर पुष्कळ, पण कड्याचा विषय निघाला की नळ सुटल्यासारखे.

"पिंपात पाणी गेलं तर?" काकू विचारायच्या.

"जात नाही. आत सिमेंट, बाहेर काँक्रीट, वर झाकण, त्यावर डांबर."

"तरी पण गेलं तर?"

"खंदकाच्या भोवती बोअर आहेत. त्यातलं पाणी काढून तपासतात."

"कोण तपासतं?"

"आहेत माणसं."

"आणि त्या माणसांना कोण तपासतं जी?"

इथं काका अडकायचे. कप खाली ठेवून विचार करत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचे. मग बोलता बोलता कडं मागे पडायचं. जहाल पाणी काचेबरोबर वितळवून पोलादी डब्यात कसं ओततात, ते डबे जमिनीखालच्या दालनात वर्षानुवर्षं हवेवर कसे निवत ठेवतात, कॉलनीतल्या गुलमोहराखाली काकूंनी विणलेला पहिला स्वेटर, सगळं निघायचं. शेवटी काकू उठताना म्हणायच्या, "बातें अच्छी बनाते हो, पण कडं मला पटत नाही हां." आणि काका बिचारे पुन्हा उद्याच्या उत्तराच्या तयारीला.

काका-काकूंची मुलगी नोकरीला बाहेरगावी असायची, तिचं लग्न ठरलं तो हिवाळा. रविवारी दुपारी अंगणात रोका होता, म्हणजे आपल्याकडची सुपारी. उन्हात खुर्च्या, तीळगुळाची गजक, शेंगदाणे, मुलाकडची माणसं. आम्हीही घरचेच. कट्ट्यावरून सगळे पाय फिरवून फिरवून आत-बाहेर करत होते. जावयाला कडं घालायची गोष्ट निघाली आणि मामाजींना उकळी फुटली.

"जीजाजी, वो पापाजीवाला कड़ा? अब तो ठंडा हो गया होगा! निकाल लाओ, दामाद के काम आएगा!"

सगळे हसले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, कोणतं कडं? काका उभे राहिले, बाह्या सारख्या केल्या आणि गंभीरपणे सांगायला लागले की नाही, अजून निवालं नाही, आतापर्यंत जेमतेम निम्मंच विझलं असेल, ते कडं पिंपात... लोक एकमेकांकडे बघायला लागले. मामाजींनी मुलाच्या वडिलांना डोळा मारला. काकांच्या मुलीनं मान खाली घातली.

"कड़ा मैंने बेचा था, वीरजी," काकू एकदम म्हणाल्या.

त्यांनी गजकची थाळी उचलून भावापुढे धरली.

"मैंने. मुझे ज़रूरत थी. इनको मैंने ही कहा था चुप रहो. अब बस. गजक लो."

मामाजींचं तोंड पडलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नवऱ्याची अब्रू अशी एका वाक्यात उचलून धरणारी बाई! पण मी काकांकडे बघितलं. ते काकूंकडे असे बघत होते, जणू आयुष्यभर सांगितलेलं सगळं वाया गेलं. हिला पटलं असतं तर हिला खोटं बोलावं लागलं असतं का? ते हळूच जाऊन कट्ट्यावर बसले. पाहुणे जाईपर्यंत तिथंच होते, ना आत, ना बाहेर.

त्यानंतर काका बोलेनासे झाले. चहा यायचा, प्यायचे, कप ठेवायचे. काकू मुद्दाम काढायच्या, "बोअरचं पाणी कोण तपासतं म्हणालात?" उत्तर नाही. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची, निघून जायची, काका बाहेर येत नसत. मी एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत ओल्याच्या बादलीत प्लॅस्टिकची पिशवी टाकली. म्हटलं, आता तरी ओरडतील! बघितलं आणि मान वळवली. मला रडूच आलं. ज्या तपासणीला मी इतकी विटले होते, ती बंद झाली तर घर सुनं वाटायला लागलं.

शेवटी मटार सोलता सोलता मी काकूंना सरळ विचारलं. "काकू, खरंच विकलं होतं तुम्ही?"

"चल! मी कशाला विकू?"

"मग त्यांनी विकलं असेल?"

काकूंनी हातातली शेंग टाकली. "वेडी आहेस का? विकायला सराफाकडे जावं लागतं. त्याच्या काट्यावर विश्वास ठेवावा लागतो. हा माणूस बटाटे घेताना स्वतःचं वजन नेतो, हा सोनं विकेल? पहिल्या दिवसापासून मला पक्कं माहीत आहे. ह्यांनी पुरलंच असणार."

"अहो, मग सांगा की त्यांना! तेवढ्यासाठी जीव टाकतात ते!"

"सांगितलं असतं ना, तर त्याच दिवशी ह्यांचं बोलणं संपलं असतं गं." त्या खाली बघून दाणे गोळा करायला लागल्या. "कॉलनीत ना माझी माणसं, ना माझी भाषा. हा माणूस मुका. फक्त कड्याचं नाव काढलं की माझ्याशी बोलायचा. मला पटवायला बोलायचा. मग मी पटवूनच घेतलं नाही." डोळे पुसले. "आता सांगायला जाते, तर ऐकतच नाही. म्हणतो, लोकांपुढे खोटं बोललीस, इथेही बोलशील. माझ्यावरच शक!"

दोन दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. जावयाचं कडं घ्यायला तेवीस सेक्टरातल्या सराफाकडे जायचं होतं. "तू चल. तू असलीस की हे दुकानात भांडत नाहीत." काका आले, पण खिशात वजन होतंच. दुकानात गेल्या गेल्या ते काट्यापाशी वाकले, रिकाम्या काट्याचा आकडा शून्य आहे का ते बघायला लागले. सराफ कपाळाला आठ्या घालून बघत होता.

त्यानं मखमलीवर कडी मांडली. फुलं, वेल, मोर. "आजकल यही चल रहा है जी."

काकूंनी सगळी बाजूला सारली. "नक्काशी नहीं चाहिए. सादा दिखाओ. बिल्कुल चिकना."

"दामाद के लिए सादा? लोग क्या कहेंगे, मैडम?"

"लोकांचं राहू दे," काकू मराठीतच म्हणाल्या. सराफाला काय कळणार होतं? त्या त्याच्याशी बोलतच नव्हत्या, आणि काकांकडे बघतही नव्हत्या. "नक्षीत जाऊन बसतं. मग कितीही धुतलं तरी निघत नाही. माझ्या जावयाला कधी पुरायची वेळ नको यायला."

काका काट्यापाशी वाकलेले होते, तसेच राहिले. मग सावकाश सरळ झाले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

सराफानं आतून एक साधं, गुळगुळीत कडं आणलं आणि काट्यावर ठेवलं. "देख लो बाबूजी, वज़न ठीक है?"

"ठीक है," काका म्हणाले.

काट्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. ते काकूंकडे बघत होते.